उद्या नको येऊस

सोमवार, ९ जानेवारी

भूगोलाच्या बाई गेल्या. म्हणजे नोकरी सोडून! दुसऱ्या तासाला वर्गात होत्या. मधल्या सुट्टीत मोठ्या सरांच्या खोलीत गेल्या — मुख्याध्यापकांना आम्ही सगळे मोठे सर म्हणतो — आणि बाहेर आल्या तेव्हा हातात पर्स, पाण्याची बाटली आणि टेबलावरचं छोटं घड्याळ. नकाशांच्या खोलीची किल्ली माझ्यासमोर ठेवली. अकरा वर्षं एकाच टेबलाला समोरासमोर बसलो आम्ही. म्हटलं, "बाई, वर्ष तरी पुरं करा." म्हणाल्या, "सर, गेल्या वर्षीही मी स्वतःला हेच सांगितलं होतं." दारात वळल्या. "तुम्हीही निघा. आवाज शाबूत आहे तोवर."

कोणी मान वर केली नाही. सगळ्यांना एकदम वह्या तपासायचं सुचलं.

तासाभराने मोठे सर नवीन वेळापत्रक घेऊन हजर. बाईंचे तास वाटूनही झाले होते! आठवी-नववीचा भूगोल मला. मी गणिताचा माणूस. म्हटलं, "सर, मला भूगोल येत नाही हो." म्हणाले, "पुस्तकात आहे सगळं." संपला विषय.

मंगळवार, १० जानेवारी

सलग सहा तास उभा. आज वाऱ्यांच्या दिशा शिकवल्या. उलट्या शिकवल्या असाव्यात.

गुरुवार, १२ जानेवारी

माझ्या आठवीच्या वर्गात बावीस बाकं आणि चौसष्ट मुलं. गणित बसतं, मुलं बसत नाहीत. बाकाच्या टोकाला असतो त्याचा एक पाय कायम बाहेर. फळ्याकडून शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं तर सात-आठ पाय ओलांडावे लागतात. मी तिथवर दिवसातून एकदा जातो. खरं लिहायचं तर आठवड्यातून दोनदा.

एका तासात मिनिटं पस्तीस. हजेरी, गप्प बसवणं, "सर, ह्याने माझं पेन घेतलं" यात दहा जातात. उरलेल्या पंचविसात चौसष्ट जणांना काय शिकवायचं ते शिकवा! आणि वर, तास चालू असतानाचा फोटो काढून शिक्षण खात्याच्या ॲपवर टाकायचा. तो टाकला नाही तर तास झालाच नाही. शिकवलं नाही तरी चालतं, फोटो पाहिजे.

ही संध्याकाळी म्हणाली, "अहो, तुम्ही घरात एवढ्या मोठ्याने का बोलता?" मला कळतच नाही. घरात आम्ही दोघंच. मुलगी शिकायला दुसऱ्या गावी. तरी मी चौसष्ट जणांशी बोलल्यासारखा बोलतो.

सोमवार, १६ जानेवारी

आजचं नीट लिहायला हवं.

वर्गात एक मुलगी आहे, खिडकीपाशी बसते. मनातल्या मनात मी तिला खिडकीवाली म्हणतो. गप्प. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पण तोंडी हिशेबात बिजली! आज तोंडी विचारलं — सव्वातीन मीटर कापड आहे, त्यातून पाऊण मीटरचे तुकडे किती निघतील? बाकीचे बोटं मोजतायत तोवर ही म्हणाली, "चार. पाव मीटर उरेल. त्यात पिशवी होते."

वर्ग हसला. मीही हसलो. मग चाचणीचे पेपर वाटले. शाब्दिक उदाहरणांची हिची पाटी कोरी! सहाच्या सहा! त्यातलं एक तर अगदी हेच, कापडाचं. माझं डोकं फिरलं. म्हटलं, आळस आहे हा, दुसरं काही नाही. उभं केलं. "वाच. मोठ्याने वाच, काय विचारलंय." ती उभी. गप्प. मागून खुसखुस. मी ओरडलो. अख्खा तास तिला उभी ठेवली.

तास सुटल्यावर थांबवून घेतली. भूगोलाचं पुस्तक हातात होतं तेच पुढे केलं. "हे वाच." घडाघडा वाचायला लागली. बरं वाटलं. मग बघतो तर बोट एका ओळीवर आणि तोंड भलतीकडेच! पहिल्या पानावरचा उतारा पाठ होता तिला. पान मात्र मी सत्तावन्नावं उघडलं होतं.

तिला वाचता येत नाही. आठवी! एक अक्षर ओळखीचं नाही असं नाही, पाच-सात ओळखते. आपलं नाव चित्रासारखं काढते. फळ्यावरचंही तसंच काढते, एकेक आकार, सुंदर अक्षरात. म्हणून तर वह्या नीटनेटक्या. त्या वह्यांवर मी लाल पेनाने "छान" लिहिलंय.

सहावीपासून माझ्याकडे आहे ती. अडीच वर्षं.

मंगळवार, १७ जानेवारी

अडीच वर्षं!

बुधवार, १८ जानेवारी

मधल्या सुट्टीत तिला नकाशांच्या खोलीत बोलावलं. तिथे कोणी येत नाही. म्हटलं, "रोज वीस मिनिटं. कोणाला कळायचं नाही." तिने पहिला प्रश्न काय विचारावा? "सर, मला नापास करणार?" म्हटलं, "नाही गं." "मग?" म्हटलं, "मग काय! शिकवणार."

हिची आई शिवणकाम करते, घरातच मशीन आहे. शाळा सुटल्यावर ही गिऱ्हाइकांची मापं घेते. आई वहीत लिहिते. म्हटलं, वही तुला वाचता येत नाही, मग माप कुठलं कशाचं हे कसं कळतं? म्हणाली, "पहिलं छाती, दुसरं कंबर, मग उंची, बाही, गळा. आईचा क्रम ठरलेला असतो."

ठरलं. बालवाडीचं पुस्तक नको. कंबर, बाही, गळा. इथूनच सुरुवात.

मंगळवार, २४ जानेवारी

वरून आदेश. फेब्रुवारी संपायच्या आत प्रत्येक शाळेतली शंभर टक्के मुलं "वाचनक्षम" झाली पाहिजेत. शब्द कोणी शोधला कोण जाणे! वर्गशिक्षकाने आकडा भरायचा आणि खाली सही.

मी प्रामाणिकपणे भरलं — चौसष्टपैकी त्रेपन्न. दुपारी कागद परत. मोठे सर म्हणाले, "आकडा द्या सर, कारणं नकोत." म्हटलं, कारण दिलंच नाही मी, आकडाच दिलाय. त्यावर ते माझ्याकडे असे बघत राहिले, जसा मी मुलांकडे बघतो.

गुरुवार, २ फेब्रुवारी

घसा पूर्ण बसला. डॉक्टर म्हणतात पंधरा दिवस बोलू नका. मी हसलो तर तेही हसले. त्यांची बायको शिक्षिका होती म्हणे. होती.

कोण कोण गेलं ते मनात मोजत होतो. इंग्रजीचे सर, ते आता विमा विकतात आणि रस्त्यात भेटले की मलाच चिकटतात. चित्रकलेचा तरुण पोरगा, मोबाइलच्या दुकानात, गुटगुटीत झालाय. विज्ञानाच्या बाई, घरीच, काहीच करत नाहीत. म्हणतात, "काहीच न करणं फार छान असतं हो." आणि आता भूगोल. एकालाही शिकवण्याचा कंटाळा आला नव्हता. शिकवणं सोडून बाकी सगळं करावं लागतं, त्याचा आला. जनगणना, मतदार याद्या, वजनं-उंची मोजणी, गोळ्या वाटप, झाडं लावल्याचे फोटो. झाड मेलं तर त्याचाही खुलासा.

मेहुणा आला होता. फरशांचा व्यापार आहे त्याचा. "भाऊजी, गोदाम सांभाळायला विश्वासाचा माणूस पाहिजे. कधीही या." गेली चार वर्षं म्हणतोय. आज पहिल्यांदा मी "बघू" म्हटलं. हिने चटकन माझ्याकडे पाहिलं.

बुधवार, ८ फेब्रुवारी

वाचलं तिने! पहिलं वाक्य! माझं अक्षर, माझंच वाक्य — "बाही लांब झाली, गळा तंग झाला." प्रत्येक अक्षरापाशी थांबत, ओठ चावत. "तंग"वर अडली. मी सांगणार होतो, हात वर करून तिने मलाच थांबवलं! मग निघाला शब्द. मग स्वतःशीच हसली. "सर, असं शिवलं तर गिऱ्हाईक मारेल."

एकवीस वर्षांत असा तास झाला नव्हता. आणि हा वेळापत्रकात नाही, ॲपवर नाही.

जाताना म्हणाली, "सर, आधी कोणाला कळलं कसं नाही?" रागाने नाही, सहज. मी नकाशाची गुंडाळी करत राहिलो.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

लाज, नुसती लाज.

काल शेवटच्या बाकावरच्या एकाने मोबाइलवर माझं शूटिंग केलं. माझा आवाज फाटतो ना, तेच. मागे कसलंसं संगीत टाकून सगळ्यांना पाठवलं. मी फोन काढून घेतला, मोठ्या सरांकडे जमा केला. नियम तसाच आहे.

आज त्याचे वडील. इस्त्रीचे कपडे, गाडीची किल्ली बोटात गरगर. "पोराच्या वस्तूला हात लावायचा अधिकार कोणी दिला तुम्हाला? दोन शब्द नीट बोलता येत नाहीत, ते शिकवणार काय?" मला वाटलं, आता मोठे सर बोलतील. बोलले. "सर, वर्गात जाऊन एकदा सॉरी म्हणा, विषय मिटवून टाका."

म्हटलं सॉरी. चौसष्ट मुलांसमोर. तो पोरगा खाली बघत होता. बापाची त्याला माझ्यापेक्षा जास्त लाज वाटत होती. त्याचा मला राग नाही. खिडकीवाली मात्र माझ्याकडे टक लावून बघत होती. तिच्याकडे मला बघवेना.

सोमवार, २० फेब्रुवारी

शुक्रवारी तपासणी. साहेब येणार, कुठल्याही वर्गात शिरणार, कुठल्याही मुलाला उभं करून वाचायला लावणार. एक जरी मूल अडलं तरी शाळेवर शेरा. शेरा आला की आठवीची तुकडी बंद, तुकडी बंद झाली की दोन शिक्षक जादा ठरणार. मोठ्या सरांनी हे बोटांवर मोजून सांगितलं. माझा आकडा मी त्रेसष्टपर्यंत आणला होता. दहा जण अडखळतात, पण वाचतात, तेवढं मी मान्य केलं. एक राहिली.

सगळे गेल्यावर मला थांबवलं. दार लावलं. "ती मुलगी शुक्रवारी... आलं ना लक्षात?"

"नाही आलं."

"सर, तुम्ही समजदार आहात."

म्हटलं, "ती वाचते आता सर. हळू वाचते. दोन महिने द्या, बाकीच्यांच्या बरोबर आणतो."

"साहेबांना दोन महिने थांबायला सांगू?"

मंगळवार, २१ फेब्रुवारी

मी हे करणार नाही. लिहून ठेवतो. करणार नाही.

बुधवार, २२ फेब्रुवारी

जीवशास्त्राच्या नवीन बाई माझ्या टेबलापाशी आल्या. वर्षही झालं नाही त्यांना. जादा ठरल्या तर पहिल्या त्याच. काही मागितलं नाही त्यांनी. फक्त विचारलं, "सर, शुक्रवारचं सगळं नीट होईल ना?" लहान मूल आहे त्यांना, नवरा घरी बसून. मी म्हटलं, "होईल, होईल."

नकाशांच्या खोलीत खिडकीवाली मी दिलेल्या तीन उताऱ्यांपैकी एक तयार करत होती. वाळवंटाचा. तिला तपासणीचं कळलंय, सगळ्या वर्गालाच कळलंय. "सर, साहेबांनी मला उठवलं तर मी हा वाचू?" म्हटलं, कुठला वाचायचा ते साहेब ठरवतील. "मग मी तिन्ही तयार करते."

गुरुवार, २३ फेब्रुवारी

केलं मी.

सही केली. चौसष्टपैकी चौसष्ट. आणि शेवटच्या तासानंतर तिला दारात थांबवलं. वाक्य तयार करून ठेवलं होतं. "उद्या नको येऊस."

"का सर?"

"तुला सुट्टी."

"सगळ्यांना?"

मी म्हटलं, "नाही, तुला."

तिने दप्तराचा पट्टा घट्ट धरला. मला वाटलं विचारेल, भांडेल. मान हलवली. मग दप्तरातून वाळवंटाचं पान काढलं. भूगोलाच्या पुस्तकातलं, मी झेरॉक्स करून दिलं होतं. माझ्या हातात परत दिलं. "हे शाळेचं आहे ना," म्हणाली.

ती जिना उतरेपर्यंत मी तिथेच उभा. हाक मारायला घसा नव्हता असं लिहिणार होतो. ते खोटं आहे. घसा गेल्या आठवड्यातच बरा झालाय.

शुक्रवार, २४ फेब्रुवारी

साहेब आले. अकरा मिनिटं होते. मोठ्या सरांच्या खोलीत चहा, बिस्किटं, रजिस्टरवर सही. वऱ्हांड्यातून एक फेरी मारली. आठवीच्या दारात क्षणभर थांबले, "वर्ग छान भरलाय," म्हणाले आणि पुढे गेले.

एकाही मुलाला वाचायला लावलं नाही. एकाही!

शेरा — "उत्तम".

स्टाफरूममध्ये टाळ्या. जीवशास्त्राच्या बाई रडल्या. मोठ्या सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो काढलाही नाही.

सोमवार, २७ फेब्रुवारी

आली नाही.

बुधवार, १ मार्च

आली नाही. म्हटलं आजारी असेल. वर्गातल्या एकीला विचारलं. म्हणाली, "नाही सर, काल दुकानात दिसली. दोरे घेत होती."

सोमवार, ६ मार्च

शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेलो. दोन खोल्या, पुढच्या खोलीत दोन मशीन. एकावर आई, दुसऱ्यावर ती. मला बघून आई उठली, स्टूल पुसलं, पाणी आणलं. माझ्यापुढे इतक्या अदबीने बोलत होती की नको वाटत होतं.

"सर, तुम्ही कशाला तसदी घेतलीत? ती म्हणाली, सरांनी नको सांगितलंय. मी काही विचारलं नाही. तुम्ही सांगितलं म्हणजे विचार करूनच सांगितलं असणार."

"ताई, एका दिवसापुरतं सांगितलं होतं."

"असू दे हो. नाहीतरी आठवीनंतर मशीनवर बसवणारच होते. हात चांगला आहे तिचा. डोकं काही चालत नाही अभ्यासात, मला माहितीय."

मी म्हटलं, "डोकं चालतं. माझ्या वर्गात सगळ्यात चांगलं चालतं." आई हसली. शिक्षक असंच बोलतात, अशा अर्थाचं ते हसणं.

पोरीने मशीन थांबवलं नाही. मी जवळ गेलो. तिचं नाव घेतलं. तेव्हा पाय थांबला. वर न बघता म्हणाली, "सर, मी वाचलं असतं."

एवढंच. मशीन सुरू.

येताना रस्ता चुकलो. रोजचा रस्ता!

बुधवार, ८ मार्च

राजीनामा लिहिला. चार ओळी. "वैयक्तिक कारणास्तव". एकवीस वर्षं, चार ओळी.

हिला वाचून दाखवला. वाटलं होतं, बरं झालं म्हणेल. तिनेच तर किती वेळा म्हटलंय, सोडून द्या ती शाळा. आज भाजी चिरायची थांबली. "अहो, तुम्ही शाळा सोडताय की त्या पोरीला तोंड दाखवायचं टाळताय?"

मी चिडलो. नको नको ते बोललो. पगार, घसा, पोरांचे बाप, ॲप, सगळं तिच्यावर काढलं. सगळं खरंच होतं. ती शांतपणे म्हणाली, "हे सगळं गेल्या वर्षीही होतं."

गुरुवार, ९ मार्च

मोठ्या सरांनी कागद वाचला. खण उघडला, आत ठेवला. "या वर्षातला चौथा," म्हणाले. मग बराच वेळ पेनाचं टोपण उघडत-लावत बसले. "घरी सांगत असाल, मी करायला लावलं म्हणून."

"नाही सर. मीच केलं."

"मला निवृत्तीला चौदा महिने राहिले. मी रोज एक दिवस कमी करतो कॅलेंडरवर. मीही चांगला शिकवायचो हो. इतिहास." मला दया आली नाही. यायला हवी होती बहुतेक.

महिनाभर काम करून ८ एप्रिलला मोकळा.

शुक्रवार, १७ मार्च

आणखी दोनदा जाऊन आलो तिच्या घरी. दोन्ही वेळा आईच भेटली. "बाहेर गेलीय." आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. दुसऱ्या वेळी निघताना आई दारापर्यंत आली. "सर, नका येत जाऊ. तुम्ही गेलात की ती जेवत नाही."

शनिवार, ८ एप्रिल

शेवटचा दिवस. निरोप समारंभ नको म्हणून सांगितलं होतं. कोणी आग्रहही केला नाही. परीक्षेच्या गडबडीत कोणाला वेळ आहे?

आठवीच्या वर्गात सांगितलं, मी सोमवारपासून नाही. शूटिंगवाला पोरगा उठला. "सर, माझ्यामुळे?" म्हटलं, "नाही रे, बस." मग एकीने हात वर केला. मला वाटलं काही बोलेल. "सर, भूमितीचा पेपर कोण काढणार?"

आता आठवतंय, मला तेव्हा हसू आलं. बरोबर आहे तिचं.

खिडकीपाशी दुसरंच कोणी बसलं होतं.

शिपाईमामा फाटकापर्यंत आले. शाळेत माझ्याही आधीपासून आहेत. माझी पिशवी त्यांनीच धरली होती. "सर, फोन करत जा." म्हटलं, करेन. माझा नंबर त्यांनी कागदावर लिहून घेतला.

मंगळवार, ११ एप्रिल

गोदाम. उंच छप्पर, फरशांचे खोके, एक टेबल, एक खुर्ची, एक ट्रकवाला सकाळी आणि एक दुपारी. मध्ये कोणी नाही. ही वही इथेच आणून ठेवलीय. लिहायला वेळच वेळ.

हळू आवाजात बोललं तरी ऐकू येतं. लघवीला केव्हाही जाता येतं! एकवीस वर्षांत पहिल्यांदा! चहा गरम असतानाच प्यायलो. फरशी उलट बोलत नाही, तिचा बाप येत नाही, तिचा फोटो कुठे टाकावा लागत नाही. एक फुटली तर बाजूला ठेवायची, नोंद करायची, झालं.

शनिवार, १५ एप्रिल

मेहुणा म्हणाला, "भाऊजी, चेहरा उजळला तुमचा." ही उठून आत गेली.

झोप लागते. भूक लागते. घसा दुखत नाही. सुखात आहे.

आज खोके मोजताना मोठ्याने मोजत होतो. मध्येच मागे वळून बघितलं.

बुधवार, १९ एप्रिल. संध्याकाळ, सव्वासहा

शिपाईमामांचा फोन. उभ्या उभ्या लिहितोय.

"सर, ती शिवणवाल्या बाईंची पोरगी आलीय. दुपारी आली. दप्तर घेऊन. आईला सांगून आलेय म्हणते. तुम्हाला विचारत होती. मी सांगितलं, सर सोडून गेले. तर म्हणाली, 'मग मला पुढचं कोण शिकवणार?' आणि आठवीच्या वर्गात जाऊन बसली. शाळा सुटून तास झाला. पोरं गेली, बाया-सर गेले, मोठे सर गेले. ती उठत नाही. भूगोलाचं पुस्तक उघडून बसलीय, बोट फिरवतेय ओळीवरून. मला वर्गाला कुलूप लावायचंय. काय सांगू तिला?"

म्हटलं, "मामा, कुलूप लावू नका."